माझं पित्त माझ्याच पोटात

मी माझंच पित्त प्यायले. रोज, जेवणाबरोबर, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्यांना किळस येणार असेल त्यांनी इथेच थांबावं. ज्यांच्या बरगडीखालून नळी निघून पिशवीत उतरली आहे, त्यांनी मात्र पुढे वाचावं. हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझं नाव वैशाली. पन्नाशी ओलांडली आहे. डिलाईल रोडला, आमची चाळ जिथे होती तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, नवरा आणि सासूबाई यांच्यासोबत राहते. भायखळ्याच्या एका दूध वितरकाकडे क्रेटचा हिशेब ठेवते. भरलेले किती गेले, रिकामे किती परत आले. आकडा जुळेपर्यंत मी जागेवरून उठत नाही. घरच्यांना या स्वभावाचा फार जाच होतो. आजारपणात मला त्याचाच उपयोग झाला.

पिवळे डोळे

पित्ताशयात खडे होते. एका छोट्या नर्सिंग होममध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि मी घरी आले. चारचौघांची होते तशी ही शस्त्रक्रिया होती, फार कोणी मनावर घेतली नव्हती. काही दिवसांत अंगाला खाज सुटली. तळहात आणि तळपाय सगळ्यांत जास्त. मी फणीने तळवे खाजवत बसायची. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि शौचाचा रंगच गेला, ओल्या खडूसारखा पांढुरका झाला. असल्या गोष्टी आपण लिहीत नाही, बोलतही नाही. पण तोच रंग बघून मला कळलं की गडबड मोठी आहे.

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, माझगावला राहतात. त्यांनी फोनवरच निदान केलं.

"कावीळ आहे. आमच्या मागच्या गल्लीत एकजण माळ घालतो. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत पायाशी आली की कावीळ उतरली. उद्या सकाळी ये."

"वन्सं, सोनोग्राफीत पित्ताची नळी बंद दिसतेय. माळ घालून नळी कशी उघडेल?"

"तू ना, आजारी असलीस तरी वाद घालशील."

"आजारी आहे म्हणूनच घालतेय."

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. यकृत, त्यातून निघणारी नळी, खाली आतडं. नळीवर त्यांनी एक आडवी रेघ मारली.

"पित्त यकृतात तयार होतं आणि या नळीने आतड्यात उतरतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये ही नळी दुखावली. आता ती आकसून बंद झाली आहे. खाली जायला वाट नाही, म्हणून पित्त रक्तात चढलंय."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पण लगेच हात घालता येणार नाही. आतली सूज उतरू दे. तोपर्यंत बाहेरून यकृतात एक बारीक नळी घालू आणि पित्त पिशवीत काढू. दोन-तीन महिन्यांनी आतडं वर आणून यकृताला जोडू. मोठं ऑपरेशन आहे. तोवर तब्येत टिकवायची, हे तुमचं काम."

बाहेर आल्यावर नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. "मी त्या नर्सिंग होमवाल्याला सोडणार नाही," तो म्हणाला.

"अहो, आधी मी, मग भांडण. क्रम चुकवू नका."

मला काय कमी भीती वाटत होती? पण एकाच वेळी दोघांनी भिंतीला टेकून चालत नाही.

वॉर्डमध्ये

नळी घालताना जागा बधिर करतात, पूर्ण भूल देत नाहीत. त्यामुळे सगळं कळतं. श्वास रोखा म्हणतात, सोडा म्हणतात, पुन्हा रोखा म्हणतात. दुखतं. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण नळी बसली आणि दोन रात्रींत खाज थांबली. खाज थांबण्याचं सुख मला शब्दांत सांगता येत नाही. मी चादरीवर हात नुसते ठेवून पडून राहिले, काही न करता.

वॉर्डचा दिवस ठरलेला. रक्त काढणारा येतो, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका, मग सफाई, मग भेटीची वेळ. सिस्टर रोज सकाळी पिशवी रिकामी करायच्या आधी मापाच्या भांड्यात ओतायची. मी उशीवरून मान वर करून विचारायची, "किती?"

"साडेचारशे मिली. तुम्हाला काय करायचंय काकू?"

"माझ्या पोटातला माल आहे. मला नको कळायला?"

मग ती स्वतःहून सांगू लागली. वॉर्डातली मावशी एकदा माझी खाट खिडकीजवळ सरकवून गेली. मी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने माझे केसही विंचरून दिले आणि म्हणाली, "फुकट आहे, घाबरू नका." अशा माणसांची नावं विचारायची राहून जातात.

भेटीच्या वेळी सासूबाई आल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. आयुष्य गिरणगावात गेलं तरी बोली सोडलेली नाही. पिशवीतला पिवळा-तपकिरी रस बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगो, पित्त भायर पडता ता बरांच ना? पडांदे सगळां."

यात त्यांची चूक नव्हती. आपल्या घरांत पित्त म्हणजे शत्रूच. उलटीत पिवळं पाणी आलं की आई पाठीवरून हात फिरवत म्हणते, पित्त पडलं, आता बरं वाटेल. माझी मुलगी लहान होती तेव्हा मीही तिला हेच म्हणायचे. त्यामुळे पिशवी भरली की घरच्यांना आनंद व्हायचा. पुढे घरी नवरा ती संडासात ओतायचा, वर पाणी टाकायचा आणि हात धुऊन चहा प्यायचा. घाण गेली, बायको बरी होतेय, असा त्याचा सरळ हिशेब.

भाताची पेज

घरी आल्यावर डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला. बघायला येणारे म्हणायचे, चेहरा किती स्वच्छ दिसतोय. सासूबाईंनी काविळीचं पथ्य सुरू केलं होतं. पेज, मुगाचं पाणी, उकडलेला दुधी. फोडणी बंद, खोबरं बंद, मासे तर नावही काढायचं नाही. मायेने करत होत्या. आणि मी वाळत होते.

वजन उतरत चाललं. तहान भागेना. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि थांबेना. दंडावर निळे डाग दिसले. मला कुणी मारलं नव्हतं, कुठे आपटलेही नव्हते. त्या दिवशी मी खरी घाबरले.

सर्जननी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"रक्त गोठायला वेळ लागतोय. वजनही गेलं. असंच राहिलं तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

"मी पथ्य पाळतेय."

"पाळताय, ते दिसतंय." त्यांनी पुन्हा कागद ओढला. "पित्त म्हणजे कचरा नाही. तुम्ही तेल-तूप खाता ते पाण्यावरच्या तवंगासारखं असतं. पित्त त्या तवंगाचे बारीक थेंब करतं, तेव्हाच ते आतड्याला उचलता येतं. काही जीवनसत्त्वं त्या चरबीबरोबरच आत जातात. त्यांतलं एक रक्त गोठायला लागतं. तुमच्या आतड्यात पित्त पोहोचतच नाही. त्यात भर म्हणजे तुम्ही तेलही बंद केलंय."

"मग इंजेक्शन?"

"देतो. पण तेवढ्यावर भागणार नाही. रोजचं पाणी आणि क्षारही त्या पिशवीतून जातायत. आणि अजून एक आहे. शरीर पित्त एकदा वापरून टाकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटाशी ते परत उचलतं, यकृताकडे पाठवतं आणि पुन्हा वापरतं. दिवसातून अनेकदा."

मी म्हणाले, "रिकामे क्रेट परत येतात तसं."

"कसले क्रेट?"

मी सांगितलं. दुधाच्या पिशव्या दुकानात राहतात, क्रेट परत येतात, दुसऱ्या दिवशी त्यांतूनच माल जातो. क्रेट आले नाहीत तर वितरक नवे आणून किती आणणार?

ते हसले. "बरोबर. तुमचे क्रेट तुम्ही रोज फेकताय."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत. मला राग आला. इतके दिवस माझा माल संडासात जात होता आणि त्यावर आम्ही आनंदाने पाणी ओतत होतो.

"परत घालायचे कसे?" मी विचारलं.

"नाकातून आतड्यापर्यंत नळी टाकून. नाहीतर…" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "प्यायचं."

"काय प्यायचं?" नवऱ्याने विचारलं. त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

पेला

त्यांनी आधी पित्त तपासायला पाठवलं. त्यात जंतू नाहीत, मला ताप नाही, हे पाहूनच परवानगी दिली. म्हणून आधीच सांगते, कुणीही हे वाचून परस्पर सुरू करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर नाही. नियमही ठरवून दिले होते. स्वच्छ बाटलीत काढायचं, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं, त्याच दिवशी संपवायचं, शिळं टाकून द्यायचं. सुरुवात थोड्याने करायची.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई देवघरासमोर बसल्या होत्या. त्यांनी जप थांबवला.

"ह्यां काय पिऊचां आसता? देवा म्हाराजा! माझ्या भांड्यांक ह्यां लावचा नाय, सांगून ठेवतंय."

"नाही लावत. वेगळा पेला घेते."

"आणि फ्रिजात? थंय दूध आसा, नैवेद्याचां लोणी आसा!"

"खालचा कप्पा माझा. तिथे दुसरं काही ठेवणार नाही."

पहिला घोट मी खिडकीजवळ उभी राहून घेतला. खोटं सांगणार नाही, कडू होतं. कारल्याचा कडूपणा जिभेवरून जातो, हा घशात मुक्काम करतो. मागून थोडा खारटपणा येतो. अर्धा बाहेर आला. नवरा गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहिला. मी तोंड पुसलं आणि उरलेला अर्धा घेतला. माझ्याच यकृताने माझ्यासाठी केलेली वस्तू आहे, मी तिला का लाजू?

दुसऱ्या दिवशी डाळिंबाच्या थंड रसात घेतलं. तिसऱ्या दिवसापासून जेवणाच्या मध्ये, दोन घासांनंतर. पेज बंद केली. भाकरीवर चमचाभर तेल घेतलं आणि सासूबाईंसमोरच खाल्लं. त्या ताट घेऊन आत गेल्या.

फिनेल

माझ्या मदतीला वन्सं राहायला आल्या. वन्संच्या मदतीची पद्धत अशी की आधी घर धुवायचं, मग विचारायचं. मी अंघोळ करून बाहेर आले तर फ्रिज रिकामा, पुसलेला, आणि खालच्या कप्प्यातली माझी बाटली ओट्यावर पालथी. तिला फिनेलचा वास येत होता.

"यातलं कुठे गेलं?"

"टाकलं गं. किती दिवसांचं साचलं होतं. आणि पित्त काढलेलंच बरं. तू डॉक्टरांच्या नादी लागून काहीही…"

मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून वन्संपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"वन्सं, ते माझं होतं! सकाळपासूनचं होतं! तुमच्या डोळ्यांदेखत मी वाळतेय, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि त्यावर जे औषध आहे ते तुम्ही मोरीत ओतलंत! मला ऑपरेशनला घेणार नाहीत, कळतंय का? घेणार नाहीत!"

वन्सं तशाच उभ्या राहिल्या. हातात ओलं फडकं. सासूबाई आतून आल्या. नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "ताई, तिचं बरोबर आहे." माझ्या बाजूने त्याने आपल्या बहिणीला सांगितलेलं हे पहिलं वाक्य असावं.

"मला कुणी नीट सांगितलं का?" वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता. "सगळे मला वेडीच समजता. सांगा ना मग. मला काय कळत नाही का?"

मग मी बसून सांगितलं. तवंग, थेंब, क्रेट, सगळं. वन्संनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे हे तुपाला पचवतं."

"हो."

"मग आधी नाही का बोलायचं! पित्त पित्त काय करता." आणि त्या बाटली उकळत्या पाण्याने धुवायला उठल्या.

मी फ्रिजच्या कप्प्यावर कागद चिकटवला: हे माझं आहे, हात लावू नये. खाली वन्संनी पेनाने लिहिलं: वन्सं सोडून.

तारीख

त्यानंतर बाटलीचा ताबा त्यांनीच घेतला. काढायच्या, झाकायच्या, रस करायच्या, समोर उभ्या राहायच्या. "गिळ. तोंड काय करतेस? लहान आहेस का?" वर एक अट होती. कुणाला सांगायचं नाही. शेजारीण दारात आली की पेला पदराआड जायचा. "लोकांना काय कळतंय? उद्या बिल्डिंगभर होईल." सासूबाईंनी शेवटपर्यंत त्या पेल्याला हात लावला नाही, आजही लावत नाहीत. तो त्यांचा नेम, हा माझा. दोन्ही एका घरात चालले.

काही दिवसांनी शौचाचा रंग परत आला. मी आतूनच ओरडले, "अहो, तपकिरी!" बाहेरून नवरा म्हणाला, "बरं बरं, हळू बोल." पण त्याच्या आवाजात हसू होतं. हिरड्यांतलं रक्त थांबलं. नवे डाग उमटले नाहीत. वजन आधी घसरायचं थांबलं, मग किंचित चढलं. एक दिवस बांगडा खाल्ला, तळलेला, अर्धाच, आणि तो पचला.

सर्जननी रिपोर्ट दोनदा पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, कागदावरच्या आकड्याकडे बघत होते. तो मलाही वाचता येत होता.

"पुढच्या आठवड्यात घेतो," ते म्हणाले.

मी मान हलवली. रडले ती बाहेर येऊन.

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी झोपले होते. जाग आली तेव्हा पोट ओढल्यासारखं दुखत होतं आणि नवरा पायाशी उभा राहून माझी बोटं मोजल्यासारखी एकेक धरत होता. पुढचे दिवस कठीण गेले. ताप आला, उतरला. मग त्यांनी बाहेरची नळी बंद करून पाहिली. पित्त आतल्या नव्या वाटेने उतरायला लागलं होतं. आणखी काही आठवड्यांनी एक एक्स-रे फोटो काढून खात्री केली आणि नळी ओढून काढली. बरगडीखाली आता वाटाण्याएवढा व्रण आहे. तो मी लपवत नाही.

बाकावर

परवा तपासणीला गेले होते. वन्सं बरोबर होत्या, आता त्या मला एकटीला सोडत नाहीत. आमच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, माझ्याच वयाचं. नवऱ्याच्या शर्टाखालून नळी येत होती आणि पिशवीवर बायकोने टॉवेल टाकला होता. बाई हळू आवाजात फोनवर बोलत होती. "डॉक्टर म्हणतायत प्यायला लावा. हे ऐकतच नाहीत. माझ्याने पण बघवत नाही गं." फोन ठेवून तिने डोळे टिपले. नवरा समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याच्या मनगटाजवळ निळे डाग होते. ते डाग मी ओळखते.

मी त्यांच्याकडे वळले. वन्संनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"गप्प बस. इथे नको."

"का नको? लाज वाटण्यासारखं मी काय केलंय?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले आणि त्या माणसाला सांगितलं, "भाऊ, मी प्यायलेय. रोज. मला पण ऑपरेशनला घेत नव्हते. मग घेतलं."

बाकावरचे दोन-तीन जण वळून बघायला लागले. बघू देत. त्या माणसाने पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढली.

"चव कशी असते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्सं माझ्यापुढे वाकल्या.

"कडू असते, कशी असणार? पण थंड केलं की वास जातो. डाळिंबाच्या रसात घाला, स्टीलच्या पेल्यात, म्हणजे रंग दिसत नाही. आणि रिकाम्या पोटी द्यायचं नाही, दोन घास खाल्ल्यावर." मग बाईकडे वळून, "तुम्ही रडत बसलात तर ते पिणार आहेत का? समोर उभं राहायचं. मी हिच्यासमोर उभी राहायचे. शिव्या घालायच्या, चालतं."

बाईने नाक ओढलं. माणसाने टॉवेल बाजूला केला, पिशवीकडे जरा वेळ बघितलं आणि बायकोला म्हणाला, "जाताना डाळिंबं घेऊया."